हाताला गुण आहे म्हणजे नेमकं काय आहे?

मराठीत 'गुण' हा शब्द तीन कामं करतो. औषध लागू पडलं की आपण 'गुण आला' म्हणतो. माणूस चांगला असला की तो 'गुणी'. आणि परीक्षेत पडतात तेही गुणच. डॉक्टरांविषयी बोलताना हे तिन्ही अर्थ आपण एकत्र कालवून टाकतो. "त्यांच्या हाताला गुण आहे," असं कुणी म्हणालं की ऐकणारा समजून जातो: तिथे गेलेले लोक बरे होतात, माणूस चांगला आहे, आणि सांगणाऱ्याने त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले आहेत. पुढे कुणी काही विचारत नाही.

आमच्या पिढीसाठी हेच काम गुगल मॅप्सवरचे तारे करतात. जवळचा दवाखाना शोधला की नावापुढे साडेचार, चार पूर्णांक आठ असे आकडे येतात. खालचे अभिप्राय वाचले तर 'डॉक्टर खूप चांगले आहेत', 'स्टाफ नम्र आहे', 'एक तास बसवून ठेवलं', 'पार्किंग नाही' अशी वाक्यं भेटतात. पार्किंग आणि निदान एकाच सरासरीत मिसळून जातात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सिस्टिम नीट चालतेय की नाही हे आकड्यांवरून ओळखणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. त्यामुळे हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय. गल्लीतल्या दवाखान्यात मिळणाऱ्या उपचारांचा दर्जा रुग्णाला ठरवता येतो का? येत नसेल तर तो कुणी ठरवायचा? आणि आपण तो चुकीच्या गोष्टींवरून ठरवत राहिलो, तर त्यातून कुणाचं नुकसान होतं?

प्रश्न आला कुठून

नागापूर म्हणजे अहिल्यानगर शहराचं मनमाड रस्त्यावरचं टोक. आमच्या तोंडी अजून 'नगर'च आहे. इथे एमआयडीसी आहे, त्यामुळे गावाचं घड्याळ पाळ्यांवर चालतं. कायमस्वरूपी नोकरीवाले, कंत्राटी कामगार, खोली भाड्याने घेऊन चार-पाच जणांत राहणारी बाहेरगावची आणि परराज्यांतली पोरं अशी मिश्र वस्ती. अशा वस्तीत असतात तसे दवाखाने इथेही आहेत: एका गाळ्यात मधे पार्टिशन, बाहेर बाकडं, आत टेबल आणि तपासायचा कॉट. कुणी एमबीबीएस, कुणी बीएएमएस, कुणी बीएचएमएस. पहिली पाळी सुटली की बाकडी भरायला लागतात.

पप्पांनी इथल्या एका कारखान्यात तीस वर्षं मशीनवर काढली. त्यांना नऊ वर्षांपासून बीपी आहे आणि नऊ वर्षं ते एकाच डॉक्टरांकडे जातात. मी पुण्यात असते. गेल्या दिवाळीत त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये लावत होते, तेव्हा लक्षात आलं की एकाही चिठ्ठीवर बीपीचा आकडा नाही. गोळीचं नाव आहे, तारीख आहे, आकडा नाही. मी विचारलं, "पप्पा, बीपी किती असतं तुमचं?" ते म्हणाले, "डॉक्टर मोजतात की दर वेळेला. म्हणतात, ठीक आहे."

मी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव काढलं, तसे ते उखडले. "अगं, तुझी आई आजारी होती तेव्हा रात्री दोन वाजता उठून आले होते ते घरी. तुझे तारे आले असते का?"

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते हसण्यावारी न्यावं असंही नाही. रात्री दोनला उठून येणं हा दर्जा नाही, असं कोण म्हणेल? पण नऊ वर्षांत एकही आकडा न लिहिणं हाही त्याच डॉक्टरांचा दर्जा आहे. एकच माणूस या दोन्ही गोष्टी करतो. त्याला गुण किती द्यायचे?

बीपीची अडचण अशी की ते बहुतेकांना दुखत नाही. वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं तरी माणूस जेवतो, झोपतो, कामाला जातो. आणि एक दिवस अर्धांगाचा झटका येतो किंवा मूत्रपिंडं थकल्याचं कळतं. म्हणजे उपचार चांगला चालला असेल तरी रुग्णाला काही जाणवत नाही, आणि वाईट चालला असेल तरी जाणवत नाही. 'गुण आला' हे मोजायचं आपलं जे एकमेव साधन, आपलं शरीर, ते इथे मुकं असतं.

कावळा आणि फांदी

ज्या दुखण्यांत शरीर बोलतं, तिथे तरी त्याची साक्ष धरावी का?

साधा व्हायरल ताप घ्या. तो बहुधा चार-पाच दिवसांत आपोआप उतरतो. आपण दवाखान्यात कधी जातो? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, अंग फणफणलेलं असताना. म्हणजे ताप उतरणीला लागायच्या जरा आधी. डॉक्टर इंजेक्शन देतात, दोन दिवसांत आपण उठून बसतो, आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे हे सिद्ध होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. त्यातही पहिल्या डॉक्टरांनी नुसतं पॅरासिटॅमॉल देऊन 'दोन दिवस वाट बघा' म्हटलेलं असेल, आणि आपण धीर सुटून दुसऱ्या दिवशी सलाईन लावणाऱ्याकडे गेलो असू, तर श्रेय दुसऱ्याला जातं. शास्त्राप्रमाणे वागलेला पहिला डॉक्टर 'काही कामाचा नाही' ठरतो.

आपलं समाधान आणि आपलं आरोग्य या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटेने जाऊ शकतात. अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांवर सर्वांत जास्त समाधानी असलेल्या गटाचा औषधांवरचा खर्च जास्त होता, हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि मृत्यूचा धोकाही सर्वांत कमी समाधानी गटापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला. समाधानामुळे माणसं मेली, असा याचा अर्थ नाही. दोन गोष्टी सोबत दिसल्या, एवढंच. पण समाधान म्हणजेच दर्जा हे गृहीतक मात्र त्यानंतर तसंच ठेवता येत नाही.

टोकाचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात हॅरल्ड शिपमन नावाचे फॅमिली डॉक्टर होते. एकट्याची प्रॅक्टिस, घरी येऊन तपासणारे, म्हाताऱ्या माणसांशी प्रेमाने बोलणारे. गावात त्यांचा मोठा लौकिक होता. २००० साली १५ रुग्णांच्या खुनांबद्दल त्यांना जन्मठेप झाली. पुढच्या सरकारी चौकशीने २१५ बळींची खात्री पटल्याचं सांगितलं. आज मॅप्सवर त्यांचा दवाखाना असता तर त्याला किती तारे असते, याची कल्पना करवत नाही. शंका आली ती रुग्णांना नव्हे, तर शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि अंत्यसंस्कार करणाऱ्यांना. कारण त्यांच्यासमोर मृत्यूंची संख्या होती, आणि ती इतरांच्या मानाने फार होती. एकेका घराला आपल्या घरातला एकच मृत्यू दिसतो, तोही म्हाताऱ्या माणसाचा. त्यात वावगं काय? वावगं असलं तर ते फक्त बेरजेत दिसतं.

आमचे डॉक्टर कुठे आणि शिपमन कुठे! तुलना माणसांची नाहीच. मुद्दा एवढाच की प्रेमळ वागणूक हा उपचारांच्या दर्जाचा पुरावा होऊ शकत नाही. ती वेगळी चांगली गोष्ट आहे.

भिंतीवरची पदवी

मग पदवी बघावी का? ती तर बघावीच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावणं आणि चिठ्ठीवर छापणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. तो नसेल तर पुढचं बोलणंच खुंटलं. पण पदवी असली की दर्जा आला, असंही होत नाही.

जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक युक्ती वापरली. साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी रुग्ण बनवलं: एकजण छातीत दुखतंय म्हणून जाणार, दुसरा दम लागतोय म्हणून, तिसरी व्यक्ती घरी असलेल्या लेकराच्या जुलाबासाठी. डॉक्टरांनी काय विचारावं, काय तपासावं, काय द्यावं याची यादी आधीच ठरलेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रदेशातल्या खेड्यांच्या आणि दिल्लीच्या अभ्यासात अचूक निदान क्वचितच झालं. मध्य प्रदेशातल्या नमुन्यातल्या ६७ टक्के 'डॉक्टरां'कडे कसलीच वैद्यकीय पात्रता नव्हती, हे एक. आणि आवश्यक ते प्रश्न विचारण्यात, तपासण्यात पदवीवाले आणि बिनपदवीवाले यांच्यात फरक थोडाच निघाला, हे दुसरं. हीच पद्धत क्षयरोगासाठी मुंबई आणि पाटण्यात वापरली गेली. २,६५२ भेटींपैकी फक्त ३५ टक्के भेटींत रुग्णाला योग्य वाटेला लावलं गेलं.

त्याहून बोलकी गोष्ट या गटाच्या २०१६ च्या अभ्यासात आहे. मध्य प्रदेशात तेच ते डॉक्टर सरकारी दवाखान्यात आणि स्वतःच्या खाजगी दवाखान्यात कसे वागतात, हे त्यांनी तपासलं. डोकं तेच, पदवी तीच. खाजगीत मात्र वेळ जास्त, प्रश्न जास्त, योग्य उपचार मिळण्याची शक्यताही जास्त. म्हणजे डॉक्टरला काय येतं आणि तो काय करतो, यांत अंतर असतं, आणि ते अंतर तो कुठे आणि कुणासमोर बसलाय यावर अवलंबून असतं. आपण 'डॉक्टर चांगला आहे' म्हणतो तेव्हा दर्जा हा त्या माणसाच्या आतला एखादा पदार्थ असावा, रक्तगटासारखा, असं धरून चालतो. प्रत्यक्षात तो दोन माणसांच्या मधे, त्या चार मिनिटांत घडतो किंवा घडत नाही. आणि त्या दोघांपैकी एक आपण असतो.

तीन खिडक्या

उपचारांचा दर्जा कसा जोखायचा यावर ज्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ते अवेदिस डोनाबेदियन. जन्म बैरूतचा, काम अमेरिकेत. १९६६ च्या निबंधात त्यांनी तीन गोष्टींकडे बघायला सांगितलं: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे इमारत, यंत्रं, पदवी, माणसं. प्रक्रिया म्हणजे काय विचारलं, काय तपासलं, काय दिलं. परिणाम म्हणजे शेवटी रुग्णाचं काय झालं.

सोपं वाटतं, पण प्रत्येक खिडकीतून अर्धंच दिसतं. रचना दिसायला सर्वांत सोपी, म्हणून आपण तिच्यावरच भाळतो: एसी, काचेचं दार, टोकनचं मशीन. ती क्षुल्लक नाही. ६ नोव्हेंबर २०२१ ला आमच्याच जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता कक्षात आग लागली आणि दहाहून अधिक रुग्ण गेले. कक्ष नवा होता. रचना ढासळली तर बाकी सगळं फोल ठरतं. पण रचना ठीक असली म्हणून उपचार ठीक होतात, असं काही नाही.

परिणाम हीच खरी कसोटी, असं इंजिनिअरला लगेच वाटतं. पण आमच्या ऑफिसातलंच उदाहरण घ्या. टीममधला जो सर्वांत अवघड कोड हातात घेतो, त्याच्याच नावावर सर्वांत जास्त बग दिसतात. सोपी कामं उचलणाऱ्याचा डॅशबोर्ड कायम हिरवा. जो डॉक्टर म्हातारी, गुंतागुंतीची, पैसे नसलेली माणसं नाकारत नाही, त्याचे परिणाम वाईटच दिसणार. नुसत्या परिणामांवर गुण द्यायला लागलो तर अवघड रुग्णाला दारातूनच 'मोठ्या हॉस्पिटलला न्या' म्हणणारा पहिला येईल.

राहिली प्रक्रिया. तिथे रुग्ण स्वतः हजर असतो, पण काय व्हायला हवं होतं हे त्याला ठाऊक नसतं. डोनाबेदियन पुढे स्वतः कर्करोगाचे रुग्ण झाले. आयुष्याच्या शेवटी दिलेल्या एका मुलाखतीत ते जे बोलले, त्याचा आशय असा की दर्जाचं मर्म अखेर प्रेमात आहे: रुग्णावरच्या, आपल्या कामावरच्या. ते असेल तर माणूस मागे वळून व्यवस्था तपासतो आणि सुधारतो. हे वाचल्यावर मला पप्पांचा मुद्दा जास्त कळला. पण डोनाबेदियन यांचं प्रेम आकडा लिहायला लावतं. रात्री दोनला येणं आणि दर महिन्याला आकडा लिहिणं या त्या एकाच प्रेमाच्या दोन बाजू असायला हव्यात.

जे आलेच नाहीत

आतापर्यंत आपण दवाखान्यात बसलेल्या माणसांविषयी बोललो. बाहेर राहिलेल्यांचं काय?

याचं उत्तर माझ्याच जिल्ह्यात, जामखेडला, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी शोधलं गेलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. नुसतं हॉस्पिटल चालवलं असतं तर आलेल्या रुग्णांवर चांगले उपचार झाले असते, आणि बालमृत्यू गावातच होत राहिले असते. म्हणून त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येकी दलित होत्या. गावात जन्मलेलं प्रत्येक मूल आणि झालेला प्रत्येक मृत्यू हा हिशेबाचा भाग झाला. १९७१ मध्ये तिथे दर हजार जन्मांमागे १७६ बालमृत्यू होत. १९७६ पर्यंत तो आकडा ५२ वर आला. आरोळे दाम्पत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनीही हाच हिशेब मांडला. गावातल्या बाया नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकल्या, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

साध्या जनरल प्रॅक्टिसमध्येही हे जमतं, हे वेल्समधल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी दाखवलं. ग्लिनकोरग हे खाणकामगारांचं गाव, एका अर्थी तिथलं नागापूरच. त्यांनी दवाखान्यात येणाऱ्यांचंच नाही, तर आपल्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाचं बीपी मोजलं. न येणाऱ्यांना शोधून मोजलं, लिहून ठेवलं, पाठपुरावा केला. पंचवीस वर्षांनी शेजारच्या तशाच गावाशी तुलना केली, तेव्हा अकाली मृत्यूंचं प्रमाण इथे एक चतुर्थांशाहून अधिक कमी होतं. चांगल्या उपचारांची गरज जिथे जास्त, तिथेच ते कमी मिळतात, हा नियम १९७१ मध्ये मांडणारे हेच डॉक्टर.

हे वाचल्यावर ताऱ्यांकडे पुन्हा बघा. तारे देतो कोण? जो आला, ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, ज्याला लिहावंसं वाटलं. रोजंदारी बुडेल म्हणून न आलेला कंत्राटी कामगार तारा देत नाही. मेडिकलवाल्याला सांगून दोन गोळ्या घेऊन पाळीला गेलेला पोरगा देत नाही. आणि अर्धांग होऊन बिछान्याला खिळलेला माणूस तर नाहीच नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ज्यांचं ॲप उघडलंच नाही, त्यांची तक्रार लॉगमध्ये येतच नाही. सरासरी त्यामुळे कायम सुंदर दिसते.

रुग्ण न्यायाधीश नाही, साक्षीदार आहे

मग रुग्णाने गप्प बसावं का? 'डॉक्टरांना जास्त कळतं' म्हणून मान तुकवावी?

मला तसं वाटत नाही. गोळी बरोबर की चूक, याचा निवाडा मला करता येणार नाही. पण काही गोष्टींची मी एकमेव साक्षीदार असते. मला बोलू दिलं का? हात लावून तपासलं का? काय झालंय असं वाटतं, हे सांगितलं का? औषधाचं नाव वाचता येईल असं लिहिलं, की नाव नसलेली पुडी हातात ठेवली? कशाने बरं वाटलं नाही तर परत यायचं, हे सांगितलं का? आणि 'याला औषधाची गरज नाही' असं म्हणायचं धाडस त्यांनी कधी केलं का? या प्रश्नांना वैद्यकाचं ज्ञान लागत नाही.

महाराष्ट्रात हे प्रत्यक्ष करून बघितलेलं आहे. ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून, सुरुवातीला पाच जिल्ह्यांत, लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातल्याच लोकांच्या समित्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरलं: डॉक्टर हजर असतात का, औषधं बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का, बायांशी नीट बोलतात का. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडलं गेलं. या प्रश्नांत 'निदान बरोबर की चूक' हा प्रश्न नव्हता. ज्याची साक्ष देता येते, तेवढीच दिली.

एकाच्या तज्ज्ञतेवर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो, तेव्हा तज्ज्ञावर हिशेब देण्याचं कर्ज असतं, असं मला वाटतं. विश्वास आणि श्रद्धा यांतला फरक इथेच आहे. श्रद्धेला हिशेब मागता येत नाही. विश्वासाला येतो, आणि मागितल्याने तो तुटत नाही. आकडा लिहून मागणं हा पप्पांना डॉक्टरांचा अपमान वाटत होता. मी त्यांना एवढंच म्हटलं, "डॉक्टर तुम्ही बदलू नका. फक्त मोजल्यावर आकडा लिहून मागा. तीस वर्षं मशीनवर होतात, रीडिंग न लिहिता पाळी सोडलीत का कधी?" हे त्यांना पटलं. पुढच्या महिन्यात चिठ्ठीवर पहिल्यांदा आकडा आला: १५२ आणि ९४. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. पप्पा म्हणतात, ते रागावले नाहीत, उलट 'वही करा' म्हणाले. उपचार चांगले आहेत की नाही, हे यातून ठरत नाही. वहीत पुरेसे आकडे जमले की ते ठरवता येईल.

गुण देणाऱ्याची जबाबदारी

डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी. संध्याकाळी बाकड्यावर चाळीस माणसं, फी शे-दीडशेच्या घरातली, त्यातही उधारी. दहा मिनिटं समजावून सांगितलं आणि गोळी दिली नाही, तर माणूस बाहेर पडताना म्हणतो, "नुसतं बोलायचे पैसे घेतले." इंजेक्शन मारलं तर तेवढेच पैसे आनंदाने देतो. आणि काही बिनसलं तर काचा फुटतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. डॉ. अरुण गद्रे यांच्यासारख्यांनी प्रामाणिक डॉक्टरांच्या कैफियती मांडल्या आहेत. कमिशनचं कमी वाटणारं आणि गरज नसलेली तपासणी नाकारणारं माणूस बाजारात कसं मागे पडतं, हे त्यांत दिसतं.

म्हणजे आपण दर्जा बाहेरून नुसता मोजत नाही. आपण जे मोजतो, ते डॉक्टर करायला लागतो. गर्दीने इंजेक्शनला गुण दिले की गावभर इंजेक्शनं वाढतात. लगेच आरामाला गुण दिले की अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडला हात सैल होतो, आणि त्याची किंमत पुढे दुसराच कुणी मोजतो: ज्याच्या न्यूमोनियावर ते अँटिबायोटिक चालेनासं होतं, तो. हॉटेलला तारा देताना फार तर कुणाचं जेवण बिघडेल. दवाखान्याला तारा देताना मी पुढच्या अनोळखी रुग्णाच्या वाट्याला काय येईल, हे थोडंसं ठरवत असते. म्हणून 'माझा अनुभव मी लिहिला' एवढ्याने सुटका होत नाही. काय पाहिलं ते लिहावं: तपासलं, लिहून दिलं, गरज नव्हती म्हणून औषध दिलं नाही. शेवटच्या गोष्टीसाठी तर वेगळा तारा हवा.

आणि काही प्रश्न एकेकट्या रुग्णाने विचारून सुटणारे नाहीत. नागापुरात किती जणांना बीपी आहे, त्यांतल्या किती जणांना ते माहीत आहे, किती जणांचं आटोक्यात आहे? इथले सगळे दवाखाने मिळून ते आटोक्यात ठेवतात का? हा हिशेब कुठला एक डॉक्टर ठेवणार नाही. तो वस्तीने, कामगारांनी, पालिकेने, आशाताईंनी मिळून ठेवायचा आहे. जामखेडला तो अक्षरओळख नसलेल्या बायांच्या भरवशावर ठेवला गेला. आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. तरी अजून आमच्या एकाही अभिप्रायात हा साधा प्रश्न कुणी विचारलेला मला दिसला नाही: दुसरी पाळी सुटते तेव्हा इथला कुठला दवाखाना उघडा असतो?